सोडलेली टेकडी

आमच्या गावाचा कारबारी मी. कारबारी म्हणजे गावचा प्रमुख, असं सरकारी लोक समजतात. प्रत्यक्षात काम एवढंच, की वाईट बातमी आली की तिला बसायला चटई द्यायची.

आमचं डोलूछडी माघात जळालं. बांबूची घरं, त्यामुळे फार वेळ लागला नाही. पलीकडच्या नव्या वस्तीतली माणसं कोयते आणि रॉकेलचे डबे घेऊन आली होती. रंगाबीकाकीचा मुलगा बिरज आईचा हातमाग वाचवायला आत शिरला. बाहेर येताना दारातच त्याच्या खांद्यावर कोयता बसला. माग तर जळालाच, बिरजचा उजवा हातही तेव्हापासून वर जात नाही. धूर विझल्यावर शिपाई आले आणि शांतता पाळा म्हणाले. आम्ही पाळतच होतो. पाळायला दुसरं काही उरलंच नव्हतं, डुकरंसुद्धा.

भांडण होतं रंगाबीकाकीच्या टेकडीवरून. आमची शेती झूमची. माघ-फाल्गुनात टेकडीवरचं रान तोडायचं, चैत्रात वाळलेलं जाळायचं, पावसाच्या तोंडावर भात पेरायचं. एक पीक घेतलं की टेकडी बरीच वर्षं तशीच ठेवायची, रान पुन्हा वाढेपर्यंत. अशा टेकडीला आम्ही रान्या म्हणतो. बोलताना म्हणायचं, ‘टेकडी सोडली’. म्हणजे झोपू दिली. उठली की आपलीच.

काकीची टेकडी यंदा उठायची होती. घराबरोबर भाताची कणगीही जळाली होती, त्यामुळे यंदा तिथं पेरलं नाही तर मायलेकांनी खायचं काय, हा प्रश्न होता. पण टेकडीच्या पायथ्याला सोभान मियाने अननस लावले होते, आणि ते दर वर्षी थोडे वर सरकत टेकडीच्या कमरेपर्यंत आले होते. सोभान नव्या वस्तीचा म्होरक्या. त्याचं गाव नदीने खाल्लं. सरकारने जमीन देतो म्हणून सगळ्यांना ट्रकात भरलं आणि आमच्या डोंगरात आणून उतरवलं. जमीन कोणाची, हे सांगायचं राहून गेलं. ट्रक घाईत असावेत.

फाल्गुनात शहरातून चौकशीला साहेब आले. फणसाच्या झाडाखाली बैठक ठरली, झाडाची एक बाजू अजून हिरवी होती. साहेबांना खुर्ची हवी होती. आमच्या जळाल्या होत्या, म्हणून सोभानच्या घरून आणली. खुर्ची चांगली होती, हात असलेली.

साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की ज्याचं त्याने बोलायचं, कारबारीने मध्ये तोंड घालायचं नाही. दुभाष्याही नको म्हणाले. आमची चाकमा बोली आणि त्यांची बंगाली सख्ख्या शेजारणी. शब्द बरेचसे तेच, अर्थ मात्र ज्याचे त्याचे.

“बाई, ही टेकडी तुमची म्हणता. मग तुम्ही ती सोडली होती का?”

“सोडली तर,” काकी म्हणाली. “नवरा होता तेव्हा. दोघांनी मिळून सोडली.”

“कोणी जबरदस्ती केली?”

काकीला गंमत वाटली. “जबरदस्ती कशाला करेल कोणी? सोडावीच लागते. न सोडणारा हावरट.”

मी तोंड उघडलं. साहेबांनी बोट वर केलं.

“आणि इथे आग कोण लावतं?”

“आम्हीच लावतो.”

“तुम्हीच?”

“मग काय तुम्ही येणार शहरातून लावायला? सगळं गाव मिळून लावतं. वारा बघून.”

“कधी हाताबाहेर जाते?”

“जाते की. एकदा माझ्या सासऱ्याच्या मिशा गेल्या.”

मला सोडून सगळे हसले. माघानंतर गाव पहिल्यांदा हसलं, तेही अशा जागी. मी उठून म्हणालो, साहेब, त्या झूमच्या आगीचं बोलतायत. ती चैत्रातली. घरं माघात जळली. माघात ओल्या रानाला आग लावली तर नुसता धूर होतो.

“कारबारीबाबू,” साहेब फार मऊपणे म्हणाले, “बाई पहिल्यांदाच स्वतःचं म्हणणं मांडतायत. त्यांचा आवाज दाबू नका.”

मी बसलो. साहेबांनी नारळपाणी घेतलं आणि गेले.

निकाल एका शिपायाने तोंडी आणून दिला. जमीन बाईंनी राजीखुशीने सोडलेली आहे. आग गावकऱ्यांच्याच हातून पसरली. दोन्ही बाजूंनी शांतता पाळावी. शिपायाला चटई दिली आणि मी काकीकडे गेलो. ताडपत्रीखाली बसून ती बांबूचे कोंब सोलत होती.

“असं कोण म्हणालं?” तिने विचारलं.

“तूच, काकी.”

तिने आणखी एक कोंब सोलला. “मी खोटं बोलले, पुण्या?”

“नाही. खरं बोललीस. सगळं खरं.”

“मग चुकलं कुठं?”

मी तिच्या पुढ्यातला एक कोंब उचलून सोलायला घेतला. 

तेव्हापासून गावात ‘सोडणं’ हा शब्द कोणी तोंडातून काढेना. गुरं मोकळी केली म्हणायचं, चहा बंद केला म्हणायचं. बिरजने बिडी ‘थांबवली’ असं जाहीर केलं. ते खोटं होतं, पण शब्द जपून वापरला होता.

फाल्गुन संपत आला तशी काकी एका सकाळी कोयता घेऊन टेकडीवर गेली. अननसांच्या वरच्या अंगाला, जिथे रान अजून दाट होतं, तिथे तिने बांबूची फुली रोवली. फुली म्हणजे यंदा हे आमचं, दुसऱ्याने तोडू नये. आमच्यात ती बघून कोणीही मागे फिरतो. इतरांना त्या दोन काटक्या दिसतात. बिरज डाव्या हाताने तोडत होता, बांबू कुठेही पडत होते. मीही गेलो होतो. बातमी येणार असेल तर कारबारी जागेवर असलेला बरा.

ती आलीच. सोभान पुढे, मागे वस्तीतले तरुण, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या कोयता. चढून चढून सोभानला दम लागला होता. मला तो म्हातारा झालेला दिसला. त्यालाही मी तसाच दिसलो असेन.

“मावशी, खाली चल,” तो म्हणाला. “निकाल लागलाय. सोड आता ही टेकडी. पोरं माझं ऐकत नाहीत हल्ली.”

काकीने कोयता खाली ठेवला नाही, वरही केला नाही.

“तो शब्द मी सोडलाय, बाबा,” ती म्हणाली.

सोभानला वाटलं, म्हातारी आता तो शब्द कधीच उच्चारणार नाही. बिरजला आणि मला त्याच वाक्यातून दुसरंच ऐकू आलं, झोपू दिलाय, उठला की आपलाच, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

सोभान फुलीपाशी दगडावर बसला. “आम्हालाही इथं आणून सोडलंच होतं,” तो म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही.

“परत बघायला आलं कोणी?” काकीने विचारलं.

“नाही.”

“मग ते सोडणं नाही. ते टाकणं.”

एका पोराने काठीने फुली ढकलली. ती कलली, पण पडली नाही. सोभानने त्याला पाणी आणायला पिटाळलं. मग उठता उठता म्हणाला, आजचा दिवस तोडून घे, उद्याचं मला विचारू नकोस.

ते उतरून गेले. काकीने फुली सरळ केली, भोवतीची माती पायाने दाबली आणि बिरजला म्हणाली, वाकडं तोडतोयस, खालून धर.