हात की मशीन

विमान पडलं की आमच्या घरात दोघांपैकी एकाचा दोष असतो, मशीनचा नाहीतर माझा. यांच्या हाताचा कधीच नसतो. मी स्वयंपाकघरात भांडं आपटलं म्हणून लक्ष उडालं, मी दार उघडलं म्हणून पडद्यावर उजेड आला, आणि मी दिवसभर वर्कशॉपला असले तर मग मशीन अडकलं.

एकतीस वर्षं यांनी बस चालवली. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. मग एकेक करत परत आली. पाय आला, तोंड तर सगळ्यात आधी आलं. हातही आला, असं हे म्हणतात. डॉक्टरांनी मात्र पुन्हा गाडी चालवायची नाही असं कागदावर लिहून दिलं. हे महिनाभर घुम्यासारखे बसून होते. शेवटी डेपोतल्या लोकांनी विमान उडवायच्या खेळाची काठी आणि दांडा आणून दिला, आणि माझ्या धाकट्या दिरांनी आपला जुना कॉम्प्युटर. उजव्या हाताला काठी, डाव्या हाताला इंजिनाचा दांडा. विमान उतरवताना तो डावा दांडा अगदी नेमक्या क्षणी मागे घ्यावा लागतो, एवढं मला बघून बघून कळलंय. यांचं विमान रोज तिथेच आपटतं.

"मी हात हलवतो, चित्र नंतर हलतं," हे म्हणतात. "मशीनच रद्दी आहे, त्याला मी काय करू?"

व्यायाम करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांचं म्हणणं, डावा हात अजून उशिरा वळतो. आत्ता मेहनत घेतली तर सुधारेल, वर्ष उलटलं की अवघड. हे त्यांच्यासमोर बोटांची उघडमीट करून दाखवतात, "ठणठणीत आहे, बाई" म्हणतात आणि व्यायामाला फाटा देतात. परवा बाईंनी मला दारातच गाठलं. "हाताला काही झालंय हे त्यांना मान्यच नाही, तर मी तरी काय करणार? सोमवारपर्यंत बघते. नाहीतर ही वेळ मी दुसऱ्या पेशंटला देते."

रात्रभर माझं डोकं तापलेलं होतं. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. मशीन धड केलं की सबब संपली.

शनिवारी वर्कशॉप अर्धा दिवस असतं. मी तिथे गणवेशांचं कापड बेतते. घरी आले, यांना जेवायला घातलं, हे आतल्या खोलीत आडवे झाले आणि मी दिरांना फोन लावला. ते छापखान्यात पानं लावतात, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरपुढेच असतात.

"भाऊजी, तुम्ही दिलेलं मशीन अडकतंय."

"वहिनी, दिलं तेव्हा पळत होतं. खेळ उघडून कोपऱ्यात एक आकडा दिसतोय का बघा."

दिसत होता. बारा.

"म्हणजे चित्र सेकंदाला बारा वेळाच बदलतंय. तिशीच्या वर गेलं तर दादाला गुळगुळीत दिसेल. आधी डिस्प्ले सेटिंगमध्ये जा."

मी गेले. कुठल्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, हे त्यांनी सांगितलं नाही आणि असं दोन ठिकाणी असतं हे मला माहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरले, टक्के लिहिलेले दिसले, ते वाढवले. कमी पडतंय तर वाढवायचं, एवढं साधं गणित. सगळी अक्षरं एकदम वांग्याएवढी झाली. घाबरून शेजारचं दुसरं काहीतरी दाबलं, तर पडदाच काळा. मग उजेड आला आणि त्यावर प्रश्न: हे बदल ठेवायचे का? खाली आकडे उलटे पळत होते, पंधरा, चौदा, तेरा. माझी पाचावर धारण बसली.

"भाऊजी, हे मोजायला लागलंय!"

"मोजू द्या. हात लावू नका. ते आपोआप पहिल्यासारखं होतं."

झालं. पण मला एक कळेना. ठेवायचं नसेल तर काही करायचं नाही आणि ठेवायचं असेल तर घाई करायची, ही कुठली रीत? दीर हसत सुटले.

मग त्यांनी मला विमानाच्या खेळातल्या सेटिंगमध्ये नेलं. तिथे ही लांबलचक यादी. ढग, सावल्या, झाडं, पाण्यातलं प्रतिबिंब, लांबवरचे डोंगर. प्रत्येकापुढे एक पट्टी, आणि सगळ्या पट्ट्या उजव्या टोकाला जाऊन भिडलेल्या.

"सगळं शेवटपर्यंत?" दीर ओरडले. "मी तर मधे ठेवून दिलं होतं. अहो, हा जुना बैल आहे, याला कोणी इतकं ओढायला लावतं का?"

"मग कोणी वाढवलं?"

"कोणी म्हणजे? झोपलाय तो."

मी मापांची वही काढली. कापडावर कात्री चालवायच्या आधी जुनं माप लिहून ठेवायचं, ही माझी सवय. ढग, अति. सावल्या, अति. मग एकेक कमी करत गेले आणि दर वेळी नवं माप आणि कोपऱ्यातला आकडा वहीत लिहीत गेले. ढग कमी केले, पंधरा. झाडं कमी केली, सोळा. एवढी झाडं तोडून एकच? मला राग आला. सावल्या कमी केल्या तर एकदम सव्वीस. सावलीला काय वजन असतं, ते मला आजतागायत समजलेलं नाही. दीर समजावत होते, मी हो हो म्हणत होते, पण खरं सांगते, काडीचं कळत नव्हतं. शेवटी त्यांनी चित्राचं रेझोल्यूशन एक पायरी खाली आणायला लावलं. आकडा एक्केचाळीसवर जाऊन थांबला.

"जिंकलात, वहिनी!" म्हणत दिरांनी फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून त्या एक्केचाळीसकडे बघत राहिले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. आता विमान पडलं तर? आता कोणाचा दोष? इतका वेळ मी जे काढून टाकायला निघाले होते, त्याच्याच आधारावर हा माणूस इतके दिवस उभा होता. मला सोक्षमोक्ष हवा होता ना? तो समोर होता, आणि मला तो नको होता. हवाही होता. मला काय हवंय हेच मला कळेनासं झालं.

तेवढ्यात हे उठून आले.

"हे काय केलंस? काच घाण झालीय!"

"कसली काच?"

"ही," पडद्यावर बोट आपटत हे म्हणाले. "लांबचे डोंगर कुठे गेले? झाडं म्हणजे नुसते हिरवे ठिपके. मी सगळं स्वच्छ करून ठेवलं होतं."

मग उलगडा झाला. डेपोत बाकीचे ड्रायव्हर काच पुसायला क्लीनरला सांगत. हे स्वतः पुसत, आतून, बाहेरून, वर्तमानपत्र ओलं करून. काच लख्ख झाल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. त्याच हिशेबाने यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या पट्ट्या टोकाला नेऊन ठेवल्या होत्या. यांना वाटलं, तेवढं स्वच्छ दिसेल.

"थोडं धूसर दिसेल, पण अडकणार नाही," मी म्हटलं. "उडवून तर बघा."

बसले कुरकुरत. विमान वर गेलं आणि यांचा चेहरा बदलला. चित्र खरोखरच पाण्यासारखं वाहत होतं. "आता कसं!" हे म्हणाले. वळण घेतलं, धावपट्टी समोर आली, डावा हात दांड्यावर. आपटलं.

"सवय नाही अजून," मी घाईघाईने म्हटलं.

दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं. या वेळी हे मशीनला काही बोलले नाहीत, मलाही नाहीत. उठून पाणी प्यायला गेले.

मग मी जे केलं ते का केलं, ते विचारू नका. वही उघडली आणि ढग, सावल्या, झाडं, सगळं होतं तसं टोकाला नेऊन ठेवलं. हे परत येऊन बसले तोवर आकडा तेरावर उतरला होता. विमान अडखळत निघालं, अडखळत उतरलं आणि आपटलं.

"बघा!" मी म्हटलं. "परत अडकलं. मशीनच रद्दी आहे."

यांनी कोपऱ्यात पाहिलं. "मघाशी एक्केचाळीस होते."

"मशीनच ते. कधी कमी, कधी जास्त."

"आणि ढग परत आलेत. सावल्याही आल्यात." हे माझ्याकडे वळले. "तू वाढवलंस."

मी उघडी वही मिटून घेतली.

"माझी कीव आली?"

"भीती वाटली," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

"कमी कर परत. मला बघायचंय."

मी वहीत बघून सगळं परत कमी केलं. हे उडाले. उतरताना यांनी या खेपेला धावपट्टीकडे पाहिलंच नाही, नजर स्वतःच्या डाव्या हातावर ठेवली. विमान आपटलं तरी हात तिथेच होता, आणि मग सावकाश, सगळं संपल्यावर, त्याने दांडा मागे घेतला. आम्ही दोघांनी ते पाहिलं.

"एक-दोन म्हणण्याइतका उशीर," हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता, गाडी किती उशिरा आली हे सांगावं तसा. "माझ्यामागे पन्नास माणसं बसायची गं. डॉक्टरांनी बरोबर लिहिलं."

आठ महिने मला यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. आणि ऐकल्यावर मला इतकं रडू फुटलं की, सोमवारी बाई किती वाजता येतात हे यांनी दोनदा विचारलं, तरी मला सांगता येईना.