पाचवा तरवड

मुळाची साल बोटांत निघून आली – पायातला मोजा निघावा तशी, अलगद – आणि आत उरला नुसता दोरा. ओला, काळपट, कुजका वास येणारा. मास्तर उन्हात उकिडवे बसून त्याकडे बघत राहिले. हे चौथं झाड. दक्षिणेच्या भिंतीशी बायकोनं पाच तरवड लावले होते, आजार कळल्यावर, हट्टानं. पहिलं वर्ष पाणी घाला, म्हणाली होती, मग हात आवरा. रानातली जात आहे, पिवळीधम्मक फुलेल... वर्ष सरलं तेव्हा ती नव्हती, आणि मास्तरांचा हात काही आवरला नाही. पानं मलूल दिसली की झारी. पिवळी पडली की आणखी एक.

"बाबा, बुडवलंत की हो तुम्ही त्यांना!" लेक मागे येऊन उभी होती. "मुळांनाही हवा लागते, असं जन्मभर पोरांना शिकवलंत. आणि स्वतःच नापास?"

"तहानलेली दिसत होती गं."

"पाणी जास्त झालं तरी तशीच दिसतात. हेही तुम्हीच शिकवलंय."

तशीच दिसतात... शेवटी तिचेही कोरडे ओठ, अर्धवट उघडं तोंड. नर्सबाईंनी बजावलं होतं – आजोबा, आता तोंडानं काही देऊ नका, त्यांना गिळता येत नाही, नुसते ओठ ओले करा. मास्तरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली होती. आणि बाई जरा बाहेर गेल्या तेव्हा – एक चमचा पाणी. तिनं डोळे उघडले असं वाटलं, म्हणून दुसरा. मग तो ठसका, ती घरघर, दोन दिवस न थांबलेली. सुटली बिचारी, सगळे म्हणाले. त्यांनीही तेच म्हटलं. चमचा धुऊन, पुसून इतर चमच्यांत ठेवून दिला; परवा लेकीनं त्यानंच लोणचं वाढलं असेल, कुणी सांगावं.

"पाचव्याला तरी जगू द्या," म्हणत लेक आत गेली.

पाचव्याची पानं लोंबत होती. तहानेनं, की...? एखाद्या पोरानं विचारलं असतं तर मास्तर म्हणाले असते, अंदाज कशाला करतोस बाळा, बोट खुपस मातीत, ती सांगेल. त्यांनी बोट टेकवलं. ते आत खुपसायचा धीर होईना. शेजारी भरलेली झारी उन्हात तापत होती.

"बाबा, येताय ना?"

"आलोच," ते म्हणाले. आणि लेकीला त्या चमच्याचं सांगावं लागणार, हे त्यांना आज पहिल्यांदाच वाटलं. बोट मात्र तिथंच, मातीच्या वर.