दीड तास मागे

"कसलं हे घड्याळ! साफ दीड तास मागे!" स्टुलावर चढून, माझ्या काचेला नाक टेकवून जैनुद्दीन पुटपुटला.

मित्रांनो, मी एक जुनं किल्लीचं घड्याळ आहे, आणि मागे पडणं माझ्या स्वभावात नाही. आधी ऐकून घ्या, मग काय तो निवाडा करा.

जैनुद्दीनच्या अब्बांनी मला मुंबईहून एसटीने रत्नागिरीला आणलं, सबंध वाट मांडीवर घेऊन. पुढे तीस वर्षं या घरची नमाज, शाळा आणि मिरकरवाड्याचा मासळीचा लिलाव माझ्या ठोक्यांवर चालला. दर शुक्रवारी किल्ली द्यायची की झालं! "घड्याळ असावं तर असं," अब्बा पाहुण्यांना ऐकवत.

१९९८ साली जैनुद्दीन दुबईला गेला. बस सुटली, त्याची बायको फातिमा स्टँडवरून घरी आली आणि तिने माझे काटे दीड तास मागे सरकवले. तिकडची वेळ! तो आता जेवत असेल, आता झोपला असेल, हे तिला माझ्याकडे बघून कळायचं. उलटे काटे फिरवले की घड्याळाचे दात दुखतात, मित्रांनो. पण मी सोसलं. येणारेजाणारे हसत, "वहिनी, घड्याळ बिघडलंय!" बिघडलंय म्हणे! मी बरोबरच होतो, फक्त दुसऱ्या गावचा होतो.

तो रजेवर आला की फातिमा मला इथल्या वेळेवर आणी. परतीची बस सुटली की पुन्हा मागे.

त्यांच्या मुलीने, मनालने, एकदा नकाशावर दोरा लावून अंतर मोजलं. मुंबई ते दुबई एकोणीसशे किलोमीटर, विमानाने तीन तास. "अब्बा, आम्हांला नुसतं मुंबईला जायला नऊ तास लागतात," ती फोनवर म्हणाली, "म्हणजे मुंबईपेक्षा तुम्हीच जवळ!"

"मग काय! हाक मार, आलोच."

पुढच्याच वर्षी मनालचे आजोबा, मला मुंबईहून आणणारे, वारले. हाक गेली. पण पासपोर्ट तिकडच्या मालकाच्या कपाटात. तीन तासांच्या वाटेने जैनुद्दीन आठव्या दिवशी पोचला. त्यानंतर या घरात कोणी विमानाचे तास मोजले नाहीत.

आज रजा संपली. साडेचारची मुंबईची बस. मनगटावरचं घड्याळ त्याने मेहुण्याला भेट दिलेलं. बॅगा बांधताना सारखं विचारत होता, "किती वाजले?" फातिमा माझ्याकडे बोट दाखवी. "वेळ आहे. चहा घ्या."

माझ्यात सव्वातीन झाले आणि मनाल शाळेतून धापा टाकत आली. "अब्बा, तुम्ही अजून घरात? पावणेपाच वाजले!"

म्हणून तो स्टुलावर चढला होता. "हे भंगारात द्या आधी! जीप केली तर खेडला बस सापडेल. मनाल, धाव, कोपऱ्यावर जीप आहे का बघ."

मनाल जागची हलली नाही. ती आईकडे बघत राहिली.

मित्रांनो, घड्याळ जरूर पुसा, वेळेवर किल्ली द्या. पण भंगारात टाकण्याआधी काटे कोणी फिरवले, तेवढं विचारा. मी माझा लंबक न चुकता हलवत होतो. लाज वाटण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

फातिमाने त्याच्या हातातली बॅग काढून घेतली.

"त्याला बोलू नका. ते कधीच मागे पडलं नाही. दुपारी मीच फिरवलं, तुमची बस सुटायच्या आधी." तिने बॅग खाली ठेवली. "जाऊ नका."