बर्फावर कुंकू

वेड लागायला वयाची अट नसते. कुणाला बागेचं लागतं, कुणाला योगाचं, कुणी चाळिशीत अचानक घरी पाव भाजायला लागतं. इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ असलेल्या निवेदिताला पस्तिसाव्या वर्षी स्नोबोर्डचं, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरण्याचं, वेड लागलं. कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळं डिपार्टमेंट मिळून शॉपिंग सेंटरमागच्या एका बंदिस्त हॉलमध्ये गेलं होतं. तिथे छताखाली खऱ्या बर्फाचा उतार आहे, बारा महिने. बाकीचे तासाभरात कॉफी प्यायला पळाले. ही बया मात्र हॉल बंद होईपर्यंत पडत होती, उठत होती आणि खिदळत होती.

याला नऊ वर्षं झाली. दर मंगळवारी तो हॉल आणि दर हिवाळ्यात आल्प्स. तिचा नवरा अंबरीश याने आधी विरोध केला, मग चेष्टा केली, मग हात टेकले. नागपूरच्या नातेवाइकांना अजून वाटतं की निवेदिता स्केटिंग करते. त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत ती पडत नाही.

तिला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. गॅरेथ नावाचा एक वेल्श गृहस्थ स्नोबोर्डच्या परीक्षणांची वेबसाइट चालवायचा. दर फेब्रुवारीत तो सहा जणांना घेऊन आठ दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत जायचा आणि पुढच्या सीझनचे बोर्ड दिवसभर पळवून त्यांची परीक्षा घ्यायचा. त्या सहांत निवेदिताला जायचं होतं. तिने तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा गोड शब्दांत नकार आला होता. हलक्या वजनाच्या रायडरला दणकट बोर्ड झेपत नाहीत, असा त्या नकारांचा मथितार्थ. छप्पन्न किलोच्या निवेदिताला तो मथितार्थ फार लागला होता.

यंदा एक जागा रिकामी झाली आणि गॅरेथने दोघांना बोलावलं, निवेदिताला आणि कॅलमला. कॅलम एकोणतीस वर्षांचा, नव्वद किलोंचा, दाराच्या चौकटीतून जरा तिरका होऊन जाणारा गडी. दोघांना एकाच मॉडेलचा बोर्ड आपापल्या मापात मिळाला. शुक्रवारी घरी न्यायचा, आपली बाइंडिंग, म्हणजे पाय बांधायचे पट्टे, बसवायची आणि रविवारी सकाळी सात वाजता, लोकांना आत सोडण्याआधी, हॉलमध्ये यायचं. पळवायचा आणि फॉर्म भरायचा. ज्याचा फॉर्म पटेल तो स्कॉटलंडला जाईल. अट एकच: बोर्डाच्या तळाला कुणी हात लावायचा नाही. बोर्ड घसरावा म्हणून कारखान्यात लावलेलं मेण जसंच्या तसं हवं.

बोर्ड होता फ्रीराइडचा. म्हणजे दाबून सपाट केलेला आखीव उतार सोडून उघड्या डोंगरावर, खडबडीत बर्फात, वेगाने उतरायचा. असा बोर्ड मुद्दाम कडक करतात, नाहीतर वेगात तो थरथरायला लागतो. निवेदिताने शुक्रवारी त्याची दोन टोकं धरून गुडघा लावून वाकवून पाहिला. तो वाकला नाही. वर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, असं तिला वाटलं. ती तिथेच प्रेमात पडली.

आता शनिवारी होता दसरा, आणि घरात होत्या तिच्या सासूबाई श्यामलाबाई.

श्यामलाबाई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. दसऱ्याला घरातल्या प्रत्येक अवजाराची पूजा करायची हा त्यांचा शिरस्ता, आणि परदेशात देवाला सुट्टी असते असं त्या मानत नसत. निवेदिता दिवसभर हॉस्पिटलात ड्यूटीवर. इकडे सासूबाईंनी अंबरीशच्या लॅपटॉपला, सुनेच्या स्टेथोस्कोपला, मिक्सरला, गाडीला आणि व्हॅक्यूम क्लीनरला कुंकू लावलं. मग त्यांना जिन्याखाली ती लांबलचक पिशवी दिसली. सून जिच्यापायी कालपासून धड जेवली नव्हती ती वस्तू तशीच सोडायची म्हणजे काय?

रात्री घरी आल्यावर निवेदिताने पिशवी उघडली तेव्हा बोर्डाच्या वरच्या बाजूला कुंकवाचं एक बोट आणि झेंडूचं फूल होतं. तिला भरून आलं. तिने सासूबाईंना वाकून नमस्कार केला, कुंकू अलगद पुसलं आणि पिशवीची चेन लावली. बोर्ड उलटा करून बघायचं काही तिच्या मनात आलं नाही.

रविवारी सकाळी श्यामलाबाईही निघाल्या. "मी ज्याची पूजा केली ते चालतं कसं, ते मला बघू दे," असं त्यांनी सांगून टाकलं. निवेदिताने त्यांना अंबरीशचा जाडजूड टोपीवाला कोट, त्याचा पार्का, घातला आणि वरच्या कॅफेच्या काचेपाशी बसवलं. तिथून सगळा उतार दिसतो.

आत उणे चार अंश. पहिल्यांदा कॅलम गेला. त्याचा बोर्ड गर्जत खाली आला, शेवटी त्याने बर्फाचा एक मोठा फवारा उडवला आणि गॅरेथकडे पाहून डोळा मारला. आता निवेदिताचा नंबर. ती वर गेली, पाय बांधले आणि निघाली.

बोर्ड चालेना! म्हणजे चालत होता, पण शाळेत जायचं नसलेल्या मुलासारखा पाय ओढत. पहिले तीस मीटर तिने कसेबसे काढले, मग चिडून त्याला तिरका करून त्याच्या एका कडेवर घातला, तसा तो जरा सुटला. एक वळण, दुसरं, तिसरं. कारखान्याने मेण लावलंय की गूळ, असं मनात म्हणत ती खाली पोचते न पोचते तोच गॅरेथ ओरडला.

"थांब! हलू नकोस! रक्त!"

तिने मागे वळून पाहिलं. पांढऱ्याशुभ्र उतारावर, वरपासून खालपर्यंत, मधेमधे तुटणारा लालभडक पट्टा उमटला होता. लिफ्ट बंद झाली. प्रथमोपचारवाला पोरगेलासा इसम पेटी घेऊन धावत आला आणि निवेदितापर्यंत पोचायच्या आत स्वतःच घसरून आपटला. निवेदिता डॉक्टर होती, तिने आधी आपली नाडी पाहिली, मग गुडघे, मग पोटऱ्या. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग एक भयंकर शंका येऊन तिने बोर्ड सोडला आणि उलटा केला.

पांढऱ्या तळावर, दोन बाइंडिंगच्या बरोबर मधे, वीतभर मोठा, घासून पुसट झालेला 'श्री' होता. त्याच्या आजूबाजूला कुंकवाची बोटं, हळदीची बोटं, आणि या सगळ्याखाली खोबरेल तेलाचा थर. सासूबाईंनी सढळ हाताने चोळलेला तो थर आता गोठून पांढरा पडला होता.

निवेदिताने वर पाहिलं. काचेमागून श्यामलाबाई उत्साहाने हात हलवत होत्या.

इथे कुणालाही एखादी थाप सुचली असती. रंग सांडला, काहीतरी प्रयोग केला, काहीही. निवेदिताला सुचली नाही, कारण तिला हसू फुटलं होतं आणि ते काही केल्या आवरत नव्हतं. बर्फात बसून, पोट धरून, तुटक तुटक शब्दांत तिने सांगितलं की काल आमचा सण होता, त्या दिवशी आम्ही ज्याच्यावर पोट भरतो आणि जीव लावतो त्या वस्तूंची पूजा करतो, आणि माझ्या सासूने तुमच्या बोर्डाची केली.

"खोबरेल तेलाने?" गॅरेथने विचारलं.

"तो कोरडा वाटला त्यांना."

"तळाला हात लावायचा नाही, ही अट होती," कॅलम म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता, पण जागा त्यालाही हवी होती. "म्हणजे हिची टेस्ट बाद."

हे खरंच होतं. निवेदिताचं हसू तिथल्या तिथे विरलं. तीन वर्षं वाट पाहायची आणि शेवटी 'श्री'ने घात करायचा! तिला रडू येईल असं वाटलं, आणि रागही यावा तर कुणाचा? तिने शांतपणे बाइंडिंग सोडवायला स्क्रूड्रायव्हर मागितला.

गॅरेथने तो दिला नाही. तो उताराकडे बघत उभा होता. मग दहा पावलं चढून तो गुडघ्यांवर बसला आणि त्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवू लागला.

"इथे लाल आहे," तो म्हणाला. "इथे नाही. इथे पुन्हा नाही. वळणावर तुझ्या बोर्डाचा तळ बर्फाला टेकलेलाच नाही. नुसती कड. पातळ रेघ कापलीय बघ." तो उठला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "बावीस वर्षं लोक मला सांगताहेत, मी वळण कडेवर कापलं, घसरलो नाही. दोनशे पावलांच्या या उतारावर खरं-खोटं कळायची काही सोयच नव्हती. तुझ्या सासूबाईंकडे ही पावडर अजून आहे का?"

श्यामलाबाईंच्या पर्समध्ये कुंकवाची पुडी असणार नाही असा दिवस कधी उगवला नव्हता, आणि तेलाची छोटी बाटली तर त्या केसांसाठी बाळगत. त्यांना खाली बोलावण्यात आलं. बर्फावर पाय ठेवताना एका बाजूने गॅरेथने धरलं, दुसऱ्या बाजूने प्रथमोपचारवाल्याने.

"काय गं, काही चुकलं का माझं?"

"आई, तुम्ही बॉटमला तेल का लावलंत?"

"अगं, पांढरा फटक पडला होता तो! टाळू भरतो ना आपण बाळाची, तसं भरलं."

"बरं झालं लावलंत. आता याच्यापण बोर्डला लावा. फुल कोटिंग."

कॅलम हो-ना करत होता, पण सत्तरीच्या बाई कुंकवाचं बोट घेऊन समोर उभ्या राहिल्यावर नव्वद किलोंचं काही चालत नाही. त्यांनी त्याचा बोर्ड तेलाने माखला, कुंकू लावलं, आणि हात पोचेना म्हणून त्याला खाली वाकायला लावून कपाळावरही एक टिळा ओढला. कॅलम वर गेला आणि खाली आला. उतारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल फराटे उमटले, ओल्या फडक्याने फरशी पुसावी तसे. प्रत्येक वळण घसरलेलं. त्याने ते पाहिलं, कानांपर्यंत लाल झाला आणि मग टिळ्यासकट मोठ्याने हसला.

"आता तू," गॅरेथ निवेदिताला म्हणाला. "अटीचं राहू दे. बोर्ड पुसून घे, मी नवीन मेण लावतो. या वेळी तुझ्यासाठी पळव."

तिने वरून पाहिलं. हॉल छोटा, बोर्ड मोठ्या डोंगराचा. अर्ध्या उतारात वेग आला नाही तर हा वाकणारच नाही. म्हणून तिने जे मंगळवारी हॉलमध्ये शिकायला येणाऱ्या मुलांना करू नका म्हणून सांगितलं असतं तेच केलं. बोर्डाचं नाक सरळ खाली रोखलं आणि सोडून दिलं. वारा कानात घुसला, डोळ्यांत पाणी आलं, समोरची गादी लावलेली भिंत मोठी होत गेली, आणि पोटातून एक आरोळी निघाली ती थेट काचेपर्यंत. मग तिने सगळं वजन टाचांवर टाकलं. बोर्ड वाकला! एकदाच, क्षणभर, आणि वाकल्यावर त्याने तिला असं काही फेकलं की दुसरं वळण तिने घेतलं नाही, ते झालं. भिंतीपासून दोन हातांवर ती थांबली. तिला अजून एकदा जायचं होतं, आणि अजून एकदा, आणि संध्याकाळपर्यंत.

ती आणखी पाच वेळा गेली. मग दोघांना फॉर्म मिळाले. आठ रकाने, दहापैकी गुण, आणि शेवटी एक प्रश्न: हा बोर्ड कुणी घ्यावा?

कॅलमने पाच मिनिटांत सगळे रकाने भरले. निवेदिता पेन चावत बसली. कडेची पकड: दहा. वळणातून बाहेर फेकण्याची ताकद: दहा. कमी वेगात वागणूक: दोन, हट्टी आहे. वाकवायला लागणारा जोर, वजन, असं करत पाच रकाने झाले. राहिले तीन. वेगात स्थिरता, खोल भुसभुशीत बर्फ, दिवसभरानंतरचा थकवा. तिला या बोर्डाला तिन्हीत दहा द्यायचे होते, हात शिवशिवत होता. पण भूल देणारा माणूस अंदाजाने आकडा लिहीत नाही. तिने ते रकाने कोरे सोडले. शेवटच्या प्रश्नाखाली तिने लिहिलं: "अनुभवी रायडरनेच घ्यावा. माझ्या मापाच्या बोर्डावर पंचावन्न किलोंपासून असं छापलंय, ते चूक आहे. पासष्टच्या खाली घेऊ नये. मी छप्पन्नची आहे, सहा फेऱ्यांत माझे पाय संपले. मला तो अतिशय आवडला आणि तो माझ्यासाठी नाही."

लिहून झाल्यावर तिला कळलं की तीन वर्षं जे नकारात येत होतं तेच आपण स्वतःच्या हाताने लिहून दिलं. तिने फॉर्म दिला आणि बूट सोडायला लागली.

गॅरेथने दोन्ही फॉर्म वाचले. कॅलमचा एकदा, तिचा दोनदा.

"तीन रकाने कोरे आहेत," तो म्हणाला.

"इथे ते कळत नाही. ते डोंगरावर कळेल."

"मग भरणार कधी?"

"म्हणजे?"

"फॉर्म अर्धवट ठेवून मी कुणाला जाऊ देत नाही. नऊ फेब्रुवारीला सकाळी इथूनच व्हॅन निघेल. तेव्हा येऊन पूर्ण कर."

निवेदिताच्या एका पायात बूट होता, एका पायात मोजा. ती तशीच उठली आणि लंगडीच्या चालीने बर्फावरून धावत सुटली. ऑपरेशन थिएटरमध्ये जिचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता ती "आई! आई!" करत सासूच्या गळ्यात जाऊन पडली, आणि दोघी धपकन बर्फात बसल्या. कॅलमने टाळ्या वाजवल्या.

"झालं तरी काय?" श्यामलाबाई अंबरीशच्या पार्क्यातून कशाबशा डोकं बाहेर काढत म्हणाल्या. "पास झालीस का?"

"पास, आई! स्कॉटलंडला जातेय मी!"

"मग रडतेस कशाला, वेडे?"

सासूबाईंनी आपल्या हातमोज्याने तिचे डोळे पुसले, आणि फेब्रुवारीत तिकडे थंडी किती असते हे गॅरेथला विचारायला सांगितलं.