भूगोलाच्या वहीतली अंबाडी

"आधी अंबाडी तं शिजू दे! काऊन आताच लिहून राह्यली?" किसनराव भुकेल्या पोटी बायकोकडे बघत पुटपुटले. आनंदाबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी मात्र ऐकलं. मी आनंदाबाईंच्या मांडीवरच होते ना!

मित्रांनो, मी एक जुनी भूगोलाची वही आहे. सेलूच्या खुशीची. अर्ध्या पानांत तिने नद्या काढल्या आणि ती पुढच्या वर्गात गेली. मी माळ्यावर पडून राहिले. आता ती वर्ध्याला कॉलेजात आहे. तिच्या आईने, आनंदाबाईंनी, मला खाली काढलं. घरच्या भाज्यांवर त्यांना ब्लॉग सुरू करायचा होता.

"आजच उघडू," खुशी म्हणाली.

"रोप तयार झाल्याबिगर वाफ्यात लावते का कोणी? बारा लेख होऊ दे."

पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं, कोणासाठी : लग्न होऊन दूर गेलेल्या पोरींसाठी. ब्लॉगचं नाव सात वेळा खोडलं. प्रत्येक भाजी तीनदा रांधली, वाटीने मोजली, खिडकीपाशी ठेवून फोटो काढला. माझ्या कोपऱ्यांना हळद लागली. एवढा मान मला नद्यांनीही दिला नव्हता!

काल बारावा लेख झाला. आनंदाबाईंनी पहिला वाचून दाखवला, "अंबाडीची पाने स्वच्छ धुवावीत. तदनंतर ती मंद आचेवर शिजवावीत."

"छान आहे," खुशी मोबाइलकडे बघत म्हणाली.

"छानच," धाकटी जाऊ सखूबाई म्हणाली आणि पदर सारखा करत बसली.

"मग उद्या उघडू? शुद्ध आहे ना? लोक हसले तं माह्याच्यानं पुन्हा लिहिणं होणार नाई."

खुशीने मोबाइल उलटा ठेवला. कुठे अडलंय ते मला ठाऊक होतं. प्रत्येक शुद्ध ओळीच्या वर पट्टी लावून खोडलेली दुसरी एक ओळ होती. मित्रांनो, वहीला बोलता येत नाही. ती फक्त जपून ठेवते. म्हणून सांगते, खोडलेली पानं फाडू नका.

किसनरावांनी मला उचललं, चष्म्यापाशी धरलं आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, "अंबाडीले घोट घोट घोटा. हात दुखला की समजा, झाली."

सखूबाईला हसू फुटलं. आनंदाबाईंचा चेहरा उतरला.

"हे काऊन खोडलं?" किसनराव म्हणाले. "खुशीची माय, तयारी एकदम पक्की केली तू. पण त्या बारा लेखांत तू कुठंच नाई."