न लिहिलेली पायरी

आमच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन, म्हणजे कुठलं काम कसं करायचं ते पायरीपायरीने लिहायचं म्हटलं की सगळ्यांच्या पोटात दुखायला लागतं. एकाला तातडीची मीटिंग आठवते, दुसऱ्याचा चहा राहिलेला असतो, आणि तिसरा ‘कोड वाचला की कळतंच की’ म्हणून मोकळा होतो. लिहिणारा मी एकटा, आणि त्याचा मला माज होता. साहेबांनी माझं एक पान छापून नमुना म्हणून भिंतीवर लावलं होतं. येता-जाता मी त्याच्याकडे बघायचो, हे आता सांगायला लाज वाटते.

आमचं काम आवाज जपण्याचं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार असतो, ती माणसं आधी आमच्याकडे येऊन दीड हजार वाक्यं वाचतात. त्यातून आमचा प्रोग्राम त्यांचा आवाज तयार करतो. नंतर त्यांनी टॅबवर टाइप केलं की टॅब त्यांच्याच आवाजात बोलतो.

जिला ऑफिसात सगळे ताई म्हणतात, ती आमच्याकडे वर्षभरापूर्वी आली. वयाने माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पण सासूच्या आजारपणात नोकरी सोडून दहा वर्षांनी परतलेली, म्हणून हुद्द्याने माझ्या हाताखाली. माझं पान टेबलावर ठेवून ती ओळीखाली पट्टी धरायची. एक पायरी झाली की पट्टी खाली सरकवायची. मला त्याचं हसू यायचं.

दर महिन्याला आम्ही अर्धवट सोडलेली रेकॉर्डिंग्ज पुसतो. पहिल्यांदा हे काम ताईकडे आलं तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि विचारू लागली, चौथ्या पायरीत फक्त यादी दिसते असं लिहिलंयस, पण त्याआधी काही करून ठेवायचं असतं का? मी माझ्याच कुठल्याशा भानगडीत अडकलो होतो. मान वर न करता मी म्हणालो, “ताई, लहान मुलालाही कळेल असं लिहिलंय. लिहिलंय तेवढं करा.”

तिने लिहिलं होतं तेवढंच केलं.

एक्केचाळीस दिवसांनी एका नवऱ्याचा फोन आला. बायकोचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं, ते होऊन ती आता घरी आलीय, तर तिचा आवाज कधी मिळेल? मी तिचं खातं उघडलं. दीड हजार वाक्यांच्या जागी शून्य होतं. बॅकअप आम्ही तीसच दिवसांचा ठेवतो.

माझं डोकं फिरलं. अख्ख्या ऑफिससमोर मी ताईला वाट्टेल ते बोललो. साधं वाचता येत नसेल तर परत आलात कशाला, इथवर माझी जीभ गेली. ताई रडली नाही. तिने माझं पान माझ्यापुढे ठेवलं, त्यावर पट्टी ठेवली आणि म्हणाली, “कुठली ओळ चुकले ते दाखव.”

मी तिच्याच खुर्चीत बसलो. सरावासाठी ठेवलेली खोटी रेकॉर्डिंग्ज घेतली आणि एकेक पायरी करू लागलो. चौथ्या पायरीला यादी आली, अगदी माझ्याकडे येते तशीच. फक्त त्या यादीतलं सगळं तोवर पुसून झालेलं होतं. माझ्या कॉम्प्युटरवर तीच आज्ञा नुसती यादी दाखवून थांबते, कारण सहा वर्षांपूर्वी मी तशी सेटिंग करून ठेवली होती आणि साफ विसरलो होतो. त्या यादीतून नीट रेकॉर्डिंग्ज वगळायची आणि मग उरलेली पुसायची, असा माझा शिरस्ता. त्या बाईंची वाक्यं पूर्ण होती, आवाज बनवणं तेवढं बाकी होतं, म्हणून त्या यादीत आल्या होत्या. ताईला वगळायची संधीच मिळाली नाही. आधी ती सेटिंग करायची, ही पायरी मी लिहिली नव्हती, कारण ती मला कधी करावीच लागत नव्हती.

साहेब ताईला काढायला निघाले होते. चूक माझी आहे, असं मी लेखी दिलं. ताईची माफीही मागितली. ती एवढंच म्हणाली की माफी त्या बाईंकडे माग, जिथे तिचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी ते तिघं आले. नवरा, गळ्याला स्कार्फ गुंडाळलेली बायको आणि तीनेक वर्षांची मुलगी. बाई शिशुवर्गाला शिकवायच्या. रेकॉर्डिंगच्या वेळी वाक्यं वाचता वाचता मध्येच गोष्ट सांगू लागायच्या, आणि आम्ही त्यांना वाक्यांवर परत आणायचो.

सांगण्यासाठी मी बरंच काही ठरवून गेलो होतो. नवऱ्याने विचारलं, टेक्निकल अडचण आहे का, किती दिवस लागतील?

“गेलं ते,” मी म्हणालो. “परत येणार नाही. चूक माझी आहे.”

त्याने घाईघाईने मोबाईल काढला. वाढदिवसाचे, सहलीचे व्हिडिओ दाखवू लागला. सगळ्यात गोंगाट होता. बायको कॅमेऱ्यामागून ‘इकडे बघ, इकडे बघ’ एवढंच म्हणत होती. यातून आवाज बनत नाही, हे मला सांगावं लागलं. तो तरी पुढचा व्हिडिओ लावतच राहिला, शेवटी बायकोनेच त्याच्या हातावर हात ठेवला. त्या क्षणी तिने माझ्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिने टॅब ओढून घेतला. बराच वेळ टाइप केलं, सगळं खोडलं आणि एकच ओळ माझ्यापुढे धरली. दुसरे कुठले आवाज आहेत?

आमच्याकडे अकरा तयार आवाज आहेत. तिने सगळे ऐकले, काही दोनदा. सातवा निवडला. मी तो टॅबमध्ये बसवून दिला. मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती, कंटाळली होती. बाईंनी टाइप केलं आणि टॅब स्वच्छ, गोड आवाजात म्हणाला, “चल बाळा, घरी जाऊ.”

मुलीचे पाय थांबले. तिने टॅबकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं. उतरून ती बाबांच्या मागे गेली आणि त्यांचा शर्ट घट्ट धरून म्हणाली, “मी हिच्याबरोबर नाही येणार. मी आईबरोबर येणार.”