वसिष्ठाशेजारची चांदणी

बिडकीनच्या घराच्या गच्चीवर, जेवणं उरकल्यावर, पुंजाराम गुरुजी नातीला अरुंधती दाखवत होते.

"वसिष्ठाला चिकटलेली बारीक पांढरी चांदणी बघ, मंजू. सूर्याहून जास्त तापलेली हाय ती. लई लांब म्हणून मिणमिणती दिसती. नीट बघ, अन् दिसंल तेच सांग. न दिसता हो म्हणायचं नाय."

शेजारी बाजेवर आवडाबाई पडल्या होत्या. दुखण्यानं त्यांचा पार सापळा झाला होता. त्यांनीही बराच वेळ वर पाहिलं.

"अवो, मला नाय दिसत. अरुंधती दिसंना झाली की माणूस लवकर जातं म्हणतात. तुम्हाला दिसती का?"

गुरुजींना ती स्वच्छ दिसत होती.

"नाय," ते म्हणाले. "कंपन्यांच्या दिव्यांनी आभाळच फिकं पडलंय."

"मंजू, तुला गं?"

चांदणी सापडल्यामुळं मंजूनं बोट वर केलं होतं. तिनं आजोबांकडं पाहिलं. ते मान खाली घालून आजीचे पाय चेपत होते.

बोट हळूच खाली आलं.

"मला पण नाय दिसत, आजी."

"मग दिव्यांचंच असंल," म्हणत आवडाबाईंनी सुखानं डोळे मिटले. गुरुजींना मात्र मान वर करवेना.